‘केसपेपरवर सुई लिहू नका, साहेब’

आमच्या ओपीडीत मधुमेहाचे रुग्ण नाना तऱ्हेच्या विनंत्या करतात. गोळ्या महिन्याच्या एकदम द्या, पुढची तारीख सोमवारची नको, हंगामात एक तरी आंबा खाऊ द्या. पण भिवंडीच्या बाजूने येणाऱ्या, स्टिअरिंगवर पोट असलेल्या माणसांची एक विनंती ठरलेली असते. दार जरा ओढून घेऊन, आवाज खाली आणून ते ती करतात. ‘सुई द्या साहेब, पण केसपेपरवर लिहू नका.’

दीडेक वर्षापूर्वी असाच एक जण समोर बसला होता. वय 46. मूळचा बीड जिल्ह्यातला, गेली वीस वर्षं मानकोलीच्या गोदामांतून माल भरून नाशिकला, कधी धुळ्याला नेणारा. मधुमेहाला अकरा वर्षं झालेली. दोन प्रकारच्या गोळ्या पूर्ण मात्रेत चालू, तरी उपाशीपोटी साखर 280. वजन उतरलेलं, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं. इन्सुलिनशिवाय गत्यंतर नव्हतं. तसं सांगितल्यावर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, ‘सुई लागली की गाडी गेली, सायेब. आमच्या शेटनी मागं एकाला असाच उतरवलाय.’

मी त्याची समजूत घातली. सकाळ-संध्याकाळ घ्यायचं 30/70 चं मिश्र इन्सुलिन लिहून दिलं, जेवणाआधी अर्धा तास टोचायचं म्हणून सांगितलं, सिस्टरने पोटावर सुई कशी घ्यायची ते दाखवलं. ‘घाम आला, थरथर झाली तर साखर खा’ हे वाक्यही मी बोललो असेन. आम्ही ते दिवसातून पन्नास वेळा बोलतो. बाहेर रांग होती. तो दुपारी किती वाजता जेवतो, हे मी विचारलं नाही.

सात आठवड्यांनी तो पुन्हा दिसला तो अपघात विभागात. दारूच्या तपासणीसाठी रक्त काढायला दोन पोलीस त्याला घेऊन आले होते. दुपारी तीनच्या सुमारास, मानकोली नाक्याच्या अलीकडे, मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत त्याचा आयशर पुढच्या रिक्षावर चढला होता. वेग नव्हता म्हणून रिक्षावाल्याच्या मानेला हिसका आणि मागे बसलेल्या बाईंच्या मनगटाचं हाड मोडणं, एवढ्यावर निभावलं. हा खाली उतरला तो झोकांड्या देत, असंबद्ध बडबडत, विचारणाऱ्याला शिव्या घालत. लोकांनी चार ठेवून दिल्या होत्या. शर्ट घामाने चिंब होता, पण मे महिन्यात कोणाचा नसतो? आमच्या सिस्टरने रक्त काढता काढता एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ठेवला. आकडा आला 38. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर दहा मिनिटांत तो उठून बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘गाडी कुठंय?’

दारू त्याने घेतलेली नव्हती. पण त्या अवस्थेतल्या माणसात आणि प्यायलेल्या माणसात फरक ओळखणं डॉक्टरलाही नुसत्या डोळ्यांनी जमत नाही. मेंदूचं इंधन म्हणजे रक्तातली साखर. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवतं: घाम, थरथर, धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक. 50-55 च्या आसपास मेंदूचंच काम अडखळायला लागतं. नजर धूसर, विचार मंद, स्वभाव चिडका. आपल्याला काहीतरी होतंय हे कळण्याची शक्तीच आधी जाते. म्हणून तर अशा माणसाला ‘थांब, साखर खा’ म्हटलं की तो ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून भांडतो. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत यापेक्षा वाईट लक्षण नसावं.

आता त्या दिवसाचा हिशेब मांडू. तो मी त्याच्याकडून नंतर तुकड्यातुकड्यांनी मिळवला. सकाळी आठला सुई. वर एक चहा आणि दोन पाव. 30/70 इन्सुलिनमधला 30 टक्के भाग अर्ध्या तासात काम सुरू करतो आणि दोन-चार तासांत जोर धरतो. उरलेला 70 टक्के भाग संथ. त्याचा जोर सुईनंतर चार तासांपासून आठ-दहा तासांपर्यंत राहतो. म्हणजे आठच्या सुईचं संथ इन्सुलिन बारा ते चारच्या दरम्यान ऐन भरात. त्या वेळेला पोटात जेवण हवंच. रोज तो एकच्या सुमारास पडघ्यापुढे ढाब्यावर जेवायचा. त्या दिवशी गोदामात हमाल कमी म्हणून त्याने स्वतःच दीड तास खोकी उचलली. मेहनतीने साखर तेव्हा तर उतरतेच, पुढचे काही तासही उतरत राहते. निघायला दोन वाजले. आणि मग कोंडी.

ज्यांनी मानकोली पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं. ठाण्याहून नाशिककडे निघालं, खारेगावची खाडी ओलांडली की हा नाका येतो. डावीकडे अंजूरफाटा आणि भिवंडी, उजवीकडे डोंबिवलीच्या मोठागावकडे जाणारा नवा पूल, आणि आजूबाजूला नजर पोचेल तिथवर गोदामं. मुंबई-ठाण्यातला माणूस मोबाइलवर बोट दाबून जे काही मागवतो त्यातलं बरंच इथूनच निघतं. त्यामुळे मानकोली ते राजनोली हे छोटं अंतर कापायला दहा मिनिटं लागतील की दीड तास, हे कोणी सांगू शकत नाही. कंटेनर पुढे, कंटेनर मागे, गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. इन्सुलिन मात्र ठरल्या वेळी काम करतं, त्याला कोंडी कळत नाही. डॉक्टरने लिहिलेला ‘जेवणाआधी अर्धा तास’ हा हुकूम ज्याच्या जेवणाची वेळ त्याच्या हातात आहे अशा माणसासाठी असतो. ट्रकवाल्याच्या जेवणाची वेळ गोदामाचा सुपरवायझर आणि रस्ता ठरवतात.

मग इन्सुलिन घेणाऱ्याने गाडी चालवूच नये का? शेठचं उत्तर सोपं आहे: उतरवा खाली. मला ते मान्य नाही, आणि दया म्हणून नाही, सुरक्षिततेसाठीच मान्य नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या पुष्कळांना आज ना उद्या इन्सुलिन लागतं, आणि त्यातले असंख्य लोक दुचाकी, मोटार, रिक्षा, टेम्पो चालवतात. सुई म्हणजे नोकरी गेली, असं गणित झालं की ड्रायव्हर दोनच गोष्टी करतो. एक तर इन्सुलिन टाळतो आणि 300-350 साखरेवर वर्षानुवर्षं गाडी हाकतो. त्याच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव होतो, तळपाय बधिर होऊन ब्रेकवरचा दाब कळेनासा होतो, नाशिक येईपर्यंत तो पाच वेळा लघवीला थांबतो आणि गुंगीत असतो. किंवा तो इन्सुलिन चोरून घेतो. क्लीनरला सांगत नाही, केबिनमध्ये मीटर ठेवत नाही, चारचौघांत साखरेची पुडी फोडत नाही. रस्त्यावरच्या तुम्हा-आम्हाला धोका या दोघांपासून आहे. उघडपणे सुई घेणाऱ्या, मोजणाऱ्या आणि वेळेवर खाणाऱ्या चालकापासून तो फार कमी आहे.

त्या अपघातानंतर मी मोटार वाहन कायदा काढून वाचला. खरं तर तो आधीच वाचायला हवा होता, कारण लायसन्सच्या वैद्यकीय दाखल्यांवर सह्या आम्हीच करतो. 1988 च्या या कायद्यात आणि 1989 च्या केंद्रीय नियमांत इन्सुलिन घेणाऱ्याला लायसन्स नाकारा असं कुठेही लिहिलेलं नाही. अर्जदाराने स्वतः भरायच्या नमुना 1 मध्ये विचारलं जातं की तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा चक्कर येण्याचे झटके येतात का. शेवटी एक गोळाबेरीज प्रश्न असतो: तुमचं वाहन चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा आणखी काही आजार आहे का? साखर उतरून ज्याची शुद्ध हरपलेली आहे त्याने पहिल्याच प्रश्नाला ‘होय’ म्हणायला हवं. ज्याला इन्सुलिन घेऊनही तसं कधी झालेलं नाही, त्याने प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं तर तो खोटं बोलत नाही.

व्यावसायिक वाहनांसाठी आणि चाळिशीनंतर इतरांसाठीही लागतो तो नमुना 1-अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला. त्यात डोळे, लाल-हिरवा रंग, रातांधळेपणा, कान, हातपाय. साखरेचा रकाना नाही. आणि खरं बोलायचं तर जे रकाने आहेत तेही किती दाखल्यांत माणूस समोर उभा करून भरले जातात, यावर माझ्या व्यवसायबंधूंनी मला बोलायला लावू नये. व्यावसायिक लायसन्स 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी मिळतं. पाच वर्षांत मधुमेही माणसाच्या गोळ्यांचं इन्सुलिन होतं, डोळ्यांना लेसर लागतो, आणि लायसन्सवरच्या कागदाला त्याचा पत्ता नसतो.

कलम 186 सांगतं की आपल्याला लोकांना धोका होईल असा आजार आहे हे माहीत असताना जो गाडी चालवेल त्याला पहिल्या वेळी 1,000 रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी 2,000 रुपयांपर्यंत दंड. यातला ‘माहीत असताना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वारंवार साखर उतरते हे ठाऊक असून न मोजता गाडी काढणारा माणूस या कलमात बसू शकतो आणि अपघातात कोणी दगावलं तर निष्काळजीपणाची कलमंही त्याची वाट पाहत असतात. पण याची दुसरी बाजू अशी की ज्याने कधी तपासलंच नाही, कोणाला विचारलंच नाही, तो म्हणू शकतो की मला काय माहीत! कलम 16 खाली लायसन्स देणारा अधिकारी आजाराच्या कारणावरून लायसन्स रद्द करू शकतो, नवा दाखलाही मागू शकतो. त्यासाठी कोणीतरी त्याला कळवायला हवं. डॉक्टरांनीच परस्पर कळवावं अशी सूचना अधूनमधून होते. मला ती पटत नाही. तसं झालं तर दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओपीडीत एकही ड्रायव्हर आपला व्यवसाय खरा सांगणार नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न आपल्याआधी येऊन गेला. तिथे इन्सुलिन घेणाऱ्यांना अवजड वाहनं बंदच होती. 15 नोव्हेंबर 2011 पासून ती अटींवर खुली झाली. गेल्या बारा महिन्यांत दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल अशी साखर उतरलेली नसावी, साखर उतरताना स्वतःला कळत असावं, तीन महिन्यांचे आकडे मीटरच्या मेमरीत दिसावेत, आणि दर वर्षी तज्ज्ञाकडून तपासणी. साधी मोटार चालवणाऱ्यानेही इन्सुलिन घेत असल्याचं तिथल्या लायसन्स कार्यालयाला कळवायचं असतं. कळवलं म्हणून लायसन्स जात नाही. अमेरिकेनेही 2018 मध्ये ट्रकचालकांवरची सरसकट बंदी उठवली आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या अहवालावर निर्णय सोपवला. सुई घेतोस का, इथे थांबण्याऐवजी त्यांनी मोजतोस का, तुला कळतं का, हे विचारायला सुरुवात केली. आपल्या नमुना 1-अ मध्ये हे दोन-तीन प्रश्न घालायला कागदाची अर्धी ओळही पुरेल. मात्र पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणारा आपोआप बाद होणार नाही, हे त्याच ओळीत छापावं लागेल. नाहीतर पुन्हा तेच: लिहू नका साहेब.

इथे थोडं वाचकांशी. तुम्ही म्हणाल, मी काही ट्रक चालवत नाही. डोंबिवलीहून ठाण्याला स्कूटरने जाणाऱ्या शिक्षिकेला आणि रविवारी गावी मोटार काढणाऱ्या निवृत्त गृहस्थालाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. आणि प्रश्न फक्त इन्सुलिनचा नाही. ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड यांसारख्या गोळ्याही साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतात. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसं होत नाही. तेव्हा आपल्या पाकिटातली गोळी कोणती, हे डॉक्टरांना एकदा नाव घेऊन विचारा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलसारखी गोळी असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम तेवढा येतो. त्याला उकाडा समजू नका.

किल्ली फिरवायच्या आधी बोटाला सुई टोचून आकडा बघायचा. 90 च्या वर असेल तर निघायचं. 70 ते 90 च्या मध्ये असेल तर पोळी, केळं, काहीतरी खाऊन निघायचं. 70 च्या खाली असेल तर गाडी काढायचीच नाही. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा. कोंडीत उभे असाल तर तो वेळ मोजायला उत्तम, हँडब्रेक ओढलेला हवा. आणि चालवताना काही वेगळं वाटलं, नुसती शंका आली, तरी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि चालकाच्या जागेवरून उठा. शेवटची गोष्ट लोकांना विचित्र वाटते. पण मागून हॉर्न वाजायला लागले की गोंधळलेला मेंदू सवयीने पुन्हा गिअर टाकतो. माझ्या रुग्णाने नेमकं तेच केलं होतं.

उपाय तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, किंवा नेहमीचं गोड शीतपेय अर्धा-पाऊण ग्लास. ‘शुगर फ्री’ पेय घेऊन बसलेला माणूस मी पाहिला आहे! बिस्किटं, चॉकलेट, वडापाव हे पहिल्या मदतीचं खाणं नाही. तेल-तुपाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. आकडा सावरला की मग पोटभर खा. आणि त्यानंतरही 45 मिनिटं गाडीला हात लावू नका. मीटरवर आकडा 110 दिसत असतो, पण मेंदूची धार अजून परत आलेली नसते. ही 45 मिनिटं पाळायला सांगितली की ड्रायव्हर माझ्याकडे ‘तुम्ही कधी माल पोचवला नाही’ अशा नजरेने बघतात. त्यांचं बरोबर आहे. पण आकडाही बरोबर आहे.

साखरेची पुडी सीटमागच्या पिशवीत नको, खिशात हवी. क्लीनरला किंवा शेजारी बसणाऱ्याला ती कशासाठी आहे हे माहीत हवं. वाटेत इन्सुलिन विकत घ्यावं लागलं तर बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे बहुतेक बाटल्या 40 युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. 100 युनिटवाल्या औषधाची सिरिंज केशरी टोपीची. 100 चं औषध लाल टोपीच्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट मात्रा जाते. उन्हात उभ्या केबिनच्या डॅशबोर्डवर इन्सुलिनही खराब होतं आणि मीटरच्या पट्ट्याही.

ज्यांच्या मधुमेहाला पंधरा-वीस वर्षं झाली आहेत त्यांच्यातल्या काहींची ती धोक्याची घंटाच बंद पडते. घाम नाही, थरथर नाही, थेट गोंधळ. अशांनी गाडी चालवू नये, हे मी कडकपणे सांगतो. मात्र ते कायमचं असतंच असं नाही. काही आठवडे साखर अजिबात उतरू न देता ठेवली, लक्ष्य थोडं सैल केलं, तर बऱ्याच जणांत ती जाणीव परत येते. तसंच इन्सुलिन नव्याने सुरू झाल्यावर काही आठवडे नजर धूसर होते, कारण साखर झपाट्याने उतरल्यावर डोळ्यातल्या भिंगाची शक्ती बदलते. नवा चष्मा घाईने करू नका, आणि नंबरप्लेट नीट दिसेपर्यंत चालवूही नका.

उपासाबद्दल विचारलं जातंच. आपल्याकडची एकादशी ‘दुप्पट खाशी’ची असेल तर साखर चढते, त्याची चिंता वेगळी. निर्जळी उपास आणि रोजे हा खरा प्रश्न. भिवंडीतले माझे कित्येक मुस्लिम रुग्ण मला स्वतःच सांगतात की आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे, आणि सांगून झाल्यावर रोजा ठेवतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. रमजानच्या महिनाभर आधी या, मात्रा आणि वेळा बदलून देतो, आणि 70 च्या खाली आकडा आला तर त्या क्षणी रोजा सोडायचा असं आपण दोघांनी ठरवू, एवढं मी म्हणतो. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, हे मौलवींकडून विचारून आलेले रुग्णच इतरांना सांगतात. त्याचा उपयोग माझ्या भाषणापेक्षा जास्त होतो.

पण हे सगळं सांगून झाल्यावर प्रश्न येतो पट्ट्यांचा. आमच्याकडे इन्सुलिन मोफत मिळतं. घरी नेऊन मोजायच्या पट्ट्या मिळत नाहीत. एक पट्टी 15-20 रुपयांना. दिवसाला चार धरल्या तर महिन्याचे अठराशे ते चोवीसशे होतात. गाडीवर बसणाऱ्या माणसाला इन्सुलिन द्यायचं आणि मोजायचं साधन द्यायचं नाही, म्हणजे वाहन द्यायचं आणि ब्रेक स्वतःच्या पैशाने बसव म्हणायचं. ज्या केसपेपरवर व्यवसाय ‘वाहनचालक’ असेल आणि औषध इन्सुलिन असेल, निदान त्याला तरी महिन्याच्या पट्ट्या सरकारी दवाखान्यातून मिळाव्यात, ही माझी मागणी आहे. वाहतूक कंपन्यांनाही हा खर्च जड नाही. एका नाशिक फेरीला याहून जास्त डिझेल जळतं.

त्यांच्याकडून आणखी एक अपेक्षा आहे, आणि ती माझी नव्हे, 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याची होती. दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांहून जास्त नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती. मधुमेही चालकाला हवं असतं ते जेवण याच अर्ध्या तासात बसतं. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. एक-दोन टेम्पोवाल्या मालकांकडचे आणि स्वतःचीच गाडी हाकणारे त्याच्या बाहेर राहत. गोदामांच्या परिसरात तेच जास्त दिसतात.

जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात चालकांसाठी नेत्रतपासणी शिबिरं होतात. तिथे साखरही तपासा, असं मी सुचवलं होतं. एका वर्षी तपासली. मालकाच्या आवारात, मालकाच्या खुर्चीशेजारी टेबल मांडलेलं. निम्मे ड्रायव्हर ‘चहा घेऊन येतो’ म्हणून गेले ते आलेच नाहीत.

माझ्या त्या रुग्णाचं सांगायचं राहिलं. पहिल्या शेठने त्याला अर्थातच काढलं. दोन-अडीच महिने त्याने एका गोदामात माल मोजायचं काम केलं. त्या काळात मी त्याचं 30/70 बंद करून रात्री एकदाच घ्यायचं संथ इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन असं बसवलं. साखर पुस्तकातल्यासारखी नाही, पण दुपारचा तो खड्डा गेला. हे मी पहिल्या दिवशीच करू शकलो असतो. केसपेपरवरचा ‘व्यवसाय’ हा रकाना आमचा नोंदणी कारकून भरतो. त्याच्या पेपरवर तिथे ‘नोकरी’ असं लिहिलेलं होतं, आणि मी तो वाचला नव्हता.

आता तो दुसऱ्या मालकाकडे गाडीवर आहे. मीटर डॅशबोर्डखालच्या कप्प्यात, पंचाच्या घडीत ठेवतो. वहीत आकडे लिहून आणतो. गेल्या खेपेला पाहिलं तर तीन महिन्यांत 70 च्या खाली एकदाच, तेही घरी, पहाटे. मी विचारलं, ‘नव्या शेठला सांगितलंस?’

‘क्लीनरला सांगितलंय.’

‘आणि शेठला?’

त्याने उत्तर दिलं नाही. मी त्याच्या केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘इन्सुलिन चालू. व्यवसाय ट्रकचालक.’ त्याने ते वाचलं, कागदाची चार घड्या केली. ‘ह्यो पेपर घरी ठिवतो, सायेब. गाडीत नको.’ मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उठला. एक वाजत आला होता, जेवायची वेळ.